प्रश्नोत्तरे : हात आवरता येणे

नेतृत्व करणाऱ्या माणसाची मनोवृत्ती कशी घडते आणि ती जाणीवपूर्वक घडवता येते का, या विषयावर मागील अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे थोडी संक्षिप्त करून आणि नावे गाळून येथे घेतली आहेत. पत्रे वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवली, ती अशी की लिहिणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीही स्वतःला नेता म्हणवून घ्यायला तयार नाही. कोणी सुपरवायझर आहे, कोणी मुख्याध्यापक, कोणी बचत गटाच्या अध्यक्ष. परंतु 'नेता' या शब्दाला चौकातल्या वाढदिवसाच्या फलकाचा असा काही वास लागला आहे की सज्जन माणसे त्या शब्दापासून चार पावले दूरच उभी राहतात. तेव्हा तो शब्द मीही बेतानेच वापरणार आहे. माझा स्वतःचा अनुभव एका अभियांत्रिकी कारखान्यातील एकतीस वर्षांचा असून त्यातील पहिली नऊ वर्षे मशीनशॉपमधील आणि उरलेली प्रशिक्षण विभागातील आहेत, एवढे वाचकांनी उत्तरे वाचताना ध्यानात ठेवावे.

प्रश्न : मी चिंचवड येथील एका लहान कारखान्यात अकरा वर्षे सीएनसी (संगणकनियंत्रित) मशीनवर ऑपरेटर आणि पुढे सेटर, म्हणजे कामाआधी मशीन जुळवून देणारा, म्हणून काम केले. आठ महिन्यांपूर्वी मला सुपरवायझर करण्यात आले. माझ्याकडे चौदा जण आहेत आणि त्यांतले पाच जण कालपरवापर्यंत माझ्याबरोबर बसून डबा खाणारे आहेत. अवघड सेटिंग आली की ती मी स्वतःच करतो, कारण मला वीस मिनिटे लागतात आणि त्यांना दीड तास. रात्री नऊच्या आत घरी जाणे होत नाही. मालक म्हणतात, "तू अजून मनाने ऑपरेटरच आहेस." मन बदलायचे म्हणजे नेमके काय करायचे?

उत्तर : तुमच्या मालकांचे निदान बरोबर आहे, पण औषध सांगायचे ते विसरले आहेत. अकरा वर्षे तुमच्या दिवसाचे मोल तुमच्या हातून निघालेल्या जॉबवर ठरत होते. शिफ्ट संपताना ट्रेमध्ये मोजून दाखवता येतील असे नग असत आणि रिजेक्शन, म्हणजे नापास नग, कमी असले की घरी जाताना पाऊल हलके पडत असे. सुपरवायझरच्या दिवसाच्या शेवटी हातात असे काहीच उरत नाही. दिवसभर धावपळ करूनही आपण आज नक्की काय केले, याचे उत्तर त्याला देता येत नाही, आणि म्हणूनच एखादी अवघड सेटिंग समोर आली की त्याला घाई तर होतेच, पण त्या घाईच्या आड एक सुटकेचा निःश्वासही असतो, की चला, आता निदान आपल्याला येते ते काम करायला मिळाले. हा निःश्वास ओळखता येणे, हेच मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत कठीण काम वाटते.

हे मी परोपदेश म्हणून लिहीत नाही. मला पहिल्यांदा रात्रपाळीचा प्रमुख केले तेव्हा मी कित्येक महिने खिशात मायक्रोमीटर घेऊन फिरत होतो आणि कोणाच्याही मशीनवर जाऊन त्याच्या हातातला जॉब मोजत होतो. पुढे मला कावीळ झाली आणि तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावे लागले. त्या काळात आमच्या लाइनवरचे रिजेक्शन चांगलेच वाढले. ही बातमी कानावर आली तेव्हा मला आनंद झाला, हे आज कबूल करायला हरकत नाही. भेटायला आलेल्या आमच्या वयस्कर फोरमनना मी ते काहीशा अभिमानाने सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले की इतक्या महिन्यांत तू एकालाही तुझ्यासारखे मोजायला शिकवले नाहीस, यात सांगण्यासारखे काय आहे? मी त्यांच्यावर बरेच दिवस रागावलो होतो.

आपल्यावाचून काम अडते, या भावनेवर एकेकाळी मुंबईच्या कापड गिरण्यांत एक संपूर्ण व्यवस्थाच उभी होती. तिथला जॉबर कामगार आणायचा, त्यांना खात्यात लावायचा, काढायचा आणि त्याबद्दल दस्तुरी, म्हणजे वरकड पैसे, घ्यायचा. गिरणीतला साधा माणूस त्याच्यावाचून हलूही शकत नसे. कामगारविषयक रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली. तुम्ही अर्थातच कोणाकडून दस्तुरी घेत नाही. परंतु 'सगळे माझ्याकडूनच जायला हवे' या वृत्तीचे जे रोख रकमेतले रूप, ते जॉबर होय, आणि प्रामाणिक माणूस तीच दस्तुरी कौतुकाच्या रूपाने घेत असतो.

आता हिशेब पाहू. अशी सेटिंग आठवड्यातून तीनदा येते असे धरले, तर तुम्ही प्रत्येक वेळी सत्तर मिनिटे, म्हणजे आठवड्याला साडेतीन तास वाचवता. हे तुम्हाला दिसते. मात्र तुम्ही दुसऱ्या मशीनवर गुंतलेले असताना जी मशीन तुमची वाट पाहत उभी राहते, तिचा वेळ या हिशेबात कुठेही नाही, आणि हा साडेतीन तासांचा नफा तुम्ही याच पद्धतीने चालवला तर दहा वर्षांनीही त्या चौदा जणांना दीड तासच लागणार आहे.

म्हणून एकच माणूस निवडा आणि एकच सेटिंग निवडा. तो सेटिंग करत असताना त्याच्या शेजारी उभे राहा आणि दोन्ही हात अक्षरशः पाठीमागे बांधा. टूल आदळणार असेल किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल तरच मध्ये पडायचे, हे आधीच ठरवून त्यालाही सांगून ठेवा. ऑफसेट (मशीनला दिलेले टूलचे माप) चुकला आणि पहिला पीस वाया गेला, तर तो जाऊ द्या. पहिला पीस त्याने स्वतः मोजावा, ड्रॉइंगशी ताडून पाहावा आणि चूक कुठे झाली ते त्यानेच तुम्हाला सांगावे. या काळात उत्पादन थोडे घटणार आहे, हे मालकांना अगोदर सांगणे ही तुमचीच जबाबदारी आहे. ते न सांगता केलेला प्रयोग पहिल्याच आठवड्यात मोडतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

काम सोपवताना 'असे कर' एवढेच न सांगता तसे का करायचे, तेही सांगत चला. या बाबतीत मला शिवछत्रपतींचे एक पत्र नेहमी आठवते. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण भागात छावणी करून राहिलेल्या लष्करातील अधिकाऱ्यांना ते लिहिलेले आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आताच उधळलात तर पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, गवत, भाजी, लाकडे उचलायला लागाल आणि रयतेला वाटेल की यापेक्षा मोगल बरे, अशी एकातून दुसरे निघणारी साखळी त्यात उलगडून दाखवली आहे. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नये, चिलीम ओढू नये, रात्री दिवा जळता ठेवू नये, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत त्यात तपशील आहे. नुसता हुकूम पुरला असता. त्या काळी पत्राखालच्या नावावरच तो पाळला गेला असता. तरीही कारण सांगितले, कारण छावणीत उद्या जो प्रसंग उभा राहील तो या पत्रात नसेल, आणि तेव्हा त्या अधिकाऱ्याला स्वतःच्या डोक्याने ठरवावे लागेल.

राहिला डब्याचा प्रश्न. त्या पाच जणांबरोबर जेवणे मुळीच सोडू नका. पद मिळताच जागा बदलणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते तुम्हाला ठाऊकच आहे. मात्र ओव्हरटाइम कोणाला आणि दिवाळीची रजा कोणाला, हे डब्यावर ठरवू नका. त्याचा तक्ता भिंतीवर लागू द्या, म्हणजे उरलेल्या नऊ जणांना तुमच्या जेवणाचा संशय येणार नाही.

प्रश्न : नेतृत्व हा उपजत गुण असतो की तो मिळवता येतो? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : खणखणीत आवाज, रुबाबदार शरीर आणि अनोळखी माणसाशी सहज बोलता येणे, या गोष्टी बऱ्याच अंशी उपजत असतात आणि निवडून येण्याच्या कामी त्यांचा फार उपयोग होतो. निवडून आल्यानंतर लागणारी धीर धरण्याची, ऐकून घेण्याची आणि दिलेला शब्द लक्षात ठेवण्याची सवय मात्र कोणी पाळण्यातून घेऊन आलेला मला तरी दिसला नाही. तुमच्या वर्गात पुढच्या वेळी गॅदरिंगचे काम निघेल तेव्हा सूत्रसंचालनाऐवजी हिशेबाची वही मागून घ्या. त्यातून जास्त शिकाल.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत मुख्याध्यापक आहे. विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरण्यास उशीर झाल्याबद्दल मी शिक्षकांच्या बैठकीत एका सहकाऱ्याला सर्वांसमोर बोललो. चार दिवसांनी त्यांनी वेळेवर दिलेला कागद माझ्याच टेबलाच्या खणात सापडला. चूक कबूल करावी असे मला वाटते, परंतु काही हितचिंतक म्हणतात की मुख्याध्यापकाने असे केले तर वचक राहत नाही. त्यांना एकटे गाठून सांगा म्हणजे झाले. आपले मत काय?

उत्तर : बोल सर्वांसमोर लावला असेल तर कबुलीही सर्वांसमोरच द्यावी लागते. एकांतात मागितलेली माफी तुमच्या मनाचे ओझे उतरवते, पण त्या शिक्षकांची सहकाऱ्यांत गेलेली पत त्याने परत येत नाही. यात मला शंका वाटत नाही. तरीही तुमच्या हितचिंतकांची भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही, आणि त्यासाठी आपल्याच भूमीतले एक जुने प्रकरण थोडे विस्ताराने सांगतो.

१८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. इकडे पुण्यात प्लेगची साथ होती आणि घरोघरची तपासणी करणाऱ्या गोऱ्या सैनिकांच्या वर्तनाबद्दल लोकांत मोठा संताप होता. पुण्यातील मित्रांच्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनी सैनिकांकडून स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा गंभीर आरोप 'मँचेस्टर गार्डियन' या वृत्तपत्रातून केला. त्यावर तिकडे खळबळ उडाली आणि सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर गोखल्यांनी चौकशी केली, तेव्हा उघडपणे पुढे येऊन साक्ष देण्यास कोणी तयार नव्हते. गोखल्यांनी पत्रलेखकांची नावे सांगितली असती तर दोष त्यांच्यावर ढकलून मोकळे होता आले असते. त्यांनी नावे सांगितली नाहीत. जे सिद्ध करता येत नाही ते मी बोललो, असे मान्य करून त्यांनी जाहीरपणे बिनशर्त माफी मागितली.

या माफीने वचक वाढला नाही. उलट इथल्या अनेकांनी त्यांना भित्रे ठरवले, आणि हा ठपका पुढे पुष्कळ वर्षे त्यांच्यामागे होता. मला स्वतःला असे वाटते की त्यांनी माफी जरा जास्तच मागितली. पुण्यातील लोकांची मूळ तक्रार खोटी नव्हती. खोटा, किंवा निदान शाबीत न होणारा, होता तो विशिष्ट आरोप. दोहोंत फरक करून बोलता आले असते. परंतु त्याच गोखल्यांवर लोकांनी १८९९ मध्ये मुंबई कायदेमंडळात जाण्यासाठी विश्वास टाकला, १९०२ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांची अर्थसंकल्पावरील भाषणे सरकारला लक्षपूर्वक ऐकावी लागली, आणि १९०५ साली ते बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. त्यांनी मांडलेल्या आकड्यांना जे वजन होते, त्याच्या मुळाशी हा माणूस न पडताळलेले दुसऱ्यांदा बोलणार नाही, हा विश्वासही असला पाहिजे, असा माझा तर्क आहे.

तुमच्यापुरते त्यातून घ्यायचे ते असे. बैठकीत उभे राहून, "कागद माझ्याच खणात होता, यांनी तो वेळेवर दिला होता, मी न पाहता बोललो, ते चुकीचे होते," एवढी वाक्ये बोला आणि थांबा. त्यापुढे 'पण' हा शब्द येऊ देऊ नका. 'पण कामाचा ताणच इतका असतो' किंवा 'पण एकंदरीत उशीर होतोच' असे काही जोडले की आधीची सगळी वाक्ये पुसली जातात. माहिती वेळेवर भरली गेली पाहिजे, हा तुमचा आग्रह योग्यच आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही. तो त्या दिवशी न मांडता पुढच्या बैठकीत मांडा. आणि आलेला कागद कोणत्या तारखेला मिळाला हे लिहिण्यासाठी एक वही तुमच्या टेबलावर ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला रागावण्यापूर्वी पाहायला काहीतरी असेल.

प्रश्न : हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत माझ्याकडे नऊ जणांचा गट आहे. मी मितभाषी आहे. माझ्या बरोबरीचे टीमलीड बैठका गाजवतात, चुटके सांगतात, सगळ्यांना पेटवतात. मला ते जमत नाही. मी स्वभाव बदलावा काय?

उत्तर : स्वभाव बदलण्याच्या खटाटोपात पडू नका, लोकांना उसना उत्साह फार लवकर ओळखता येतो. तुम्ही क्रिकेट पाहत असाल तर २०२०-२१ चा ऑस्ट्रेलिया दौरा तुम्हाला आठवत असेल. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत संपला; कसोटीत भारताची एवढी कमी धावसंख्या पूर्वी कधी नव्हती. कर्णधार विराट कोहली अपत्याच्या जन्मासाठी मायदेशी परतणार होता आणि मोहम्मद शमी जायबंदी झाला होता. नेतृत्व आले डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेकडे, ज्याला मैदानावर मोठ्याने ओरडताना फारसे कोणी पाहिलेले नाही.

मेलबर्नला त्याने ११२ धावा केल्या आणि तो धावबाद झाला. समोर रवींद्र जडेजा अर्धशतकाच्या उंबरठ्यावर होता. अशा वेळी बाद होणारा फलंदाज जाता जाता काय करतो, हे आपण गल्लीतल्या सामन्यापासून पाहत आलो आहोत. रहाणेने जडेजाजवळ जाऊन त्याला धीर दिला आणि मगच तो तंबूकडे वळला. एकही शब्द आपल्याला ऐकू आला नाही, पण ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्या प्रत्येकाने ते पाहिले असणार. भारताने तो सामना आठ गडी राखून जिंकला. पुढे सिडनीला प्रेक्षकांतून मोहम्मद सिराजला उद्देशून शिवीगाळ झाली. ज्याचे वडील त्याच दौऱ्यात वारले होते, असा तो नवखा गोलंदाज आपल्या कर्णधाराकडे गेला, आणि या मितभाषी कर्णधाराने खेळ थांबवून पंचांपुढे तक्रार मांडली; काही प्रेक्षकांना उठवून बाहेर काढण्यात आले. १९ जानेवारी २०२१ रोजी, जिथे ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर कसोटी हरली नव्हती त्या ब्रिस्बेनला भारत जिंकला, तेव्हा करंडक रहाणेने टी. नटराजनच्या हाती दिला, जो या दौऱ्यावर सरावासाठी गोलंदाज म्हणून गेला होता.

कमी बोलणाऱ्याला चालेल; परंतु जिथे बोलायलाच हवे तिथे त्याने गप्प राहिलेले चालत नाही, आणि ती वेळ बहुधा दुसऱ्या कोणासाठी तरी बोलण्याची असते. तुमच्या गटातील मुलीचे श्रेय वरिष्ठांच्या बैठकीत दुसरा कोणी घेत असेल, किंवा ग्राहकाचा माणूस तुमच्या नवख्या मुलाला कॉलवर अपमानकारक बोलत असेल, तर तेव्हा तोंड उघडा. एरवी चुटके नाही सांगितलेत तरी काही बिघडत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. अबोल प्रमुखाच्या मौनाचा अर्थ लोक आपापल्या भीतीप्रमाणे लावतात. तुम्ही एखादे काम पाहून काही न बोलता पुढे गेलात, तर तुमच्या मनात समाधान असले तरी त्याच्या मनात नोकरी जाण्याचा विचार असू शकतो. म्हणून प्रत्येकाशी आठवड्याला पंधरा मिनिटे एकेकट्याने बोलण्याचा नेम ठेवा. मितभाषी माणसे दोघांच्या संभाषणात चांगली खुलतात, आणि समोरच्यालाही तुम्ही ऐकत आहात याची खात्री पटते.

प्रश्न : निफाड तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा मी अध्यक्ष आहे. माझे शिक्षण दहावीपर्यंत झाले आहे. आम्ही नेमलेला व्यवस्थापक कृषी व्यवसायातील एमबीए आहे. तो बोलतो त्यातले अर्धे मला कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. अशा माणसावर मी नियंत्रण कसे ठेवू?

उत्तर : तुम्ही ज्या जिल्ह्यात आहात त्याच्या शेजारच्या जिल्ह्यात याचे उत्तर पंचाहत्तर वर्षांपूर्वी देऊन झाले आहे. प्रवरा परिसरातील लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील हे बेताचेच शिकलेले शेतकरी. सहकारी साखर कारखाना काढायचे ठरल्यावर भागभांडवलासाठी गावोगाव फिरून शेतकऱ्यांना विश्वास देण्याचे काम त्यांनी केले, आणि कारखान्याच्या अध्यक्षपदी मात्र पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांना बसवले. १९५० साली कारखाना सुरू झाला. आपल्यापेक्षा जास्त जाणणाऱ्या माणसाला नुसते हाताखाली ठेवणे सोडा, आपल्या वरच्या खुर्चीत बसवण्याची तयारी त्यात होती. गुजरातेत खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६ मध्ये उभा करणाऱ्या त्रिभुवनदास पटेलांनी, आणंद सोडून जायला निघालेल्या वर्गीस कुरियन या तरुण अभियंत्याला आग्रहाने थांबवून घेतले, ही कथाही त्याच जातीची आहे. शेतकऱ्यांचा विश्वास त्रिभुवनदासांकडे होता आणि यंत्रांची जाण कुरियन यांच्याकडे. दोघांनी एकमेकांच्या कामात लुडबूड केली नाही.

म्हणून 'नियंत्रण' हा शब्द थोडा बाजूला ठेवून कोणता निर्णय कोणाचा, हे संचालक मंडळाच्या बैठकीत लिहून घ्या. प्रतवारी कशी करायची, माल कोणत्या बाजारात पाठवायचा, वाहतूक कोणाला द्यायची, हे व्यवस्थापकाने ठरवावे. सभासदांचा किती पैसा एका हंगामात पणाला लावायचा, हे मात्र मंडळाने ठरवावे, कारण द्राक्षावर गारपीट झाली किंवा कांद्याचा भाव कोसळला, तर सभासदाच्या दारात उत्तर द्यायला तुम्हाला जायचे आहे, त्याला नाही. आणि कळले नाही तर विचारायचे. "हे मला कळले नाही, माझ्या सभासदाला समजेल असे पुन्हा सांगा," हे वाक्य अध्यक्षाला पूर्णपणे शोभते. मी प्रशिक्षण विभागात असताना असे पाहिले आहे की ज्याला आपला विषय खरोखर येतो तो अशा प्रश्नाने सुखावतो, आणि जो अडखळतो किंवा चिडतो त्याच्या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहावे.

प्रश्न : मिरज तालुक्यात आमचा बारा महिलांचा बचत गट आहे. आम्ही चटण्या आणि मसाले करतो. सहा वर्षे मीच अध्यक्ष आहे. बँकेत मी जाते, हिशेब मी लिहिते, माल घेऊन प्रदर्शनात मीच जाते. आता दुसरीने व्हावे असे म्हटले की सगळ्या म्हणतात, "ताई, तुम्हीच राहा, आम्हाला नाही जमायचे." मी थकले आहे. पण सोडले तर गट मोडेल अशी भीतीही वाटते.

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्या वाचनात मला चिंचवडच्या सुपरवायझरची आठवण झाली. 'आम्हाला नाही जमायचे' यात तुमच्याविषयीचा आदर आहे, तशी थोडी सोयही आहे, आणि सहा वर्षे त्यांना जमवून पाहण्याची संधीच आली नाही, ही वस्तुस्थितीही आहे. यातला शेवटचा भाग तेवढा तुमच्या हातातला आहे.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका गच्चीवर सात गुजराती महिलांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून पुढे लिज्जत उभे राहिले. तिथे लाटणारी प्रत्येक बाई भगिनी म्हणवली जाते आणि मालकीत तिचा वाटा असतो. कारभार पाहणाऱ्या एकवीस जणींची समितीही याच भगिनींमधून येते. कालपर्यंत पीठ घेऊन घरी जाणारी बाई उद्या शाखेचा कारभार पाहू शकते, हे तिथे सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेले असते, आणि म्हणून 'आम्हाला नाही जमायचे' हे वाक्य तिथे फार दिवस टिकत नसावे. तुमच्या गटात मात्र अध्यक्ष म्हणजे काय याचे एकच चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे, ते म्हणजे तुम्ही. हिशेब, बँक आणि प्रदर्शन ही तिन्ही कामे एकटीने करणारी दुसरी बाई तुम्हाला त्या अकरा जणींत सापडणार नाही, आणि ती शोधूही नये.

तिन्ही कामे तिघींत वाटा. हिशेबाची वही जिचे अक्षर आणि बेरीज चांगली आहे तिला द्या. पहिले दोन महिने तिने लिहावे आणि तुम्ही शेजारी बसावे, तिसऱ्या महिन्यापासून तुम्ही फक्त शेवटची बेरीज पाहावी. बँकेत पुढच्या तीन खेपांना दुसरीला बरोबर न्या, स्लिप तिला भरू द्या, खिडकीशी तिला बोलू द्या, आणि साहेब तुमच्याकडे पाहून बोलू लागले तर तुम्ही तिच्याकडे पाहा. प्रदर्शनाला एखादी तरुण सून पाठवा. ती पहिल्या वेळी माल परत आणील, कदाचित भावातही फसेल, त्यावर गटात कोणी बोलू नये याची काळजी तुम्ही घ्या. वर्षअखेरीस ठराव करून पदाधिकारी बदला आणि बँकेतील सह्यांचे कागद लगेच पूर्ण करा, नाहीतर पद एकीकडे आणि सही दुसरीकडे अशी ओढाताण होते.

त्याआधी एक परीक्षा घ्या, गटाची आणि स्वतःचीही. पुढच्या महिन्याच्या बैठकीला जाऊ नका. कारण सांगायचे तर माहेरी जाते म्हणून सांगा, पण खरोखरच जा, आणि फोन बंद ठेवा. वसुली कमी होईल, कदाचित दोघींचा वाद होईल, चटणीची एखादी ऑर्डर उशिरा जाईल. परत आल्यावर काय झाले ते लगेच विचारू नका; त्या सांगायला येतील तेव्हा ऐका, आणि त्यांनी जे ठरवले असेल ते तुम्हाला पटले नसले तरी त्या महिन्यापुरते तसेच राहू द्या.